परसातलं घोसाळं आणि घरचा लूफा: कोकणातल्या बागेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या वेलाची भजी आपण श्रावणात खातो, त्याच वेलावरचं फळ पिकून वाळू दिलं की अंग घासायचा लूफा मिळतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं, तरी कोकणात घरचा लूफा क्वचितच हाती लागतो, कारण हौसेने राखलेलं फळ भर पावसात सडून जातं. कोणतं फळ खायचं आणि कोणतं वेलावर ठेवायचं, हे महिना बघून ठरवावं लागतं. खालची उत्तरं रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा पाऊस आणि जांभ्याची माती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. देशावर वेळापत्रक थोडं बदलेल.

लूफा समुद्रात मिळतो ना?

नाही. समुद्रातला स्पंज हा प्राणी आहे. लूफा हे काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या घोसाळ्याचं वाळलेलं फळ. कोवळं असताना जो गर आपण खातो, त्यातच बारीक तंतूंचं जाळं असतं. फळ जून होतं तसं ते जाळं कडक होतं, गर सुकून जातो आणि मागे जाळीच उरते. ही जाळी इतकी चिवट असते की दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जहाजांच्या इंजिनांत तेल-पाणी गाळायलाही ती वापरत.

घोसाळं, गिलकं, शिराळं, दोडका: यातलं लूफ्याचं कोणतं?

घोसाळं. खानदेशात त्यालाच गिलकं म्हणतात. ते गुळगुळीत असतं, अंगावर फक्त पुसट रेषा असतात. शिराळं म्हणजे देशावरचा दोडका, त्याला उभ्या धारदार शिरा असतात. शिराळ्यातही जाळी धरते, पण ती राठ असते आणि शिरांमुळे सोलायला जीव जातो. शिराळं खायला लावा, लूफ्यासाठी घोसाळं.

बियांवरूनही फरक कळतो. घोसाळ्याचं बी काळं, सपाट, गुळगुळीत आणि कडेला बारीक पाख असलेलं असतं. शिराळ्याचं बी खडबडीत, त्याला पाख नसते. कोणी पुडीत बांधून दिलेलं बी आधी नीट बघून घ्या.

बी कधी लावायचं?

कोकणात दोन वेळा साधतात.

पहिली पावसाळी. बी थेट आळ्यात मृगावर टाकलं आणि लगेच पाऊस कोसळला तर ते कुजतं किंवा वाहून जातं. म्हणून आगोटीची कामं चालू असतानाच, मेच्या मध्यावर, पिशवीत किंवा करवंटीत रोप करून घ्यावं. दोन-तीन खरी पानं आली की मुळं न दुखवता मातीच्या गोळ्यासकट आळ्यात लावावं. असं रोप पहिल्या सरींना तोंड द्यायला तयार असतं आणि गणपतीच्या आसपास भाजी देऊ लागतं.

दुसरी वायंगणी, म्हणजे भात कापून झाल्यावर डिसेंबर-जानेवारीत. विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरत असेल तरच हिच्या वाटेला जा. भर उन्हाळ्यात घोसाळ्याला पाण्याची ओढ बसली की फुलं गळतात. पण पाणी असेल तर लूफ्यासाठी हा हंगाम उत्तम, कारण फळं एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाळतात आणि पावसाआधी घरात येतात.

बी लवकर रुजत नाही. काय करावं?

कवच जाड असतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. फारच जुनं बी असेल तर टोकाच्या बाजूला दगडावर हलकेच घासून मग भिजवा. दोन सेंटिमीटरपेक्षा खोल पुरू नका. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो.

कोणतं वाण घ्यावं?

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा चिकणी’ हे घोसाळ्याचं जुनं, सहज मिळणारं वाण आहे. शिराळ्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण हरिता’ आपल्या हवेत चांगलं येतं. पण लूफ्यासाठी माझी पसंती शेजारणीकडच्या गावठी बियाला. बाजारातली वाणं कोवळेपणी भरपूर तोडा मिळावा म्हणून निवडलेली असतात. गावठी वेल फळं कमी देईल, पण तो तुमच्याच पावसात वर्षानुवर्षं तगलेला असतो. फक्त ज्या वेलाचं बी घ्याल, त्याचं फळ कडू नव्हतं एवढं विचारून घ्या.

आमच्याकडे सगळा कातळ आणि जांभ्याची माती. वेल येईल का?

येईल, पण खड्डा भरून घ्यावा लागेल. हात-दीड हात लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा काढा. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत पाटीभर, वाळका पातेरा आणि वरची माती मिसळून भरा. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, म्हणून लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी मूठभर चुना किंवा चुलीतली राख मिसळलेली बरी. दोन वेलांत पाच-सहा फूट अंतर ठेवा.

महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्यात आळं खोलगट ठेवायचं नाही. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि खोलगट आळ्यात ते पाणी मुळाशी साचून राहतं. माती वीतभर उंच करून तिच्यावर रोप लावा आणि भोवती पाणी जायला चर काढा. पाऊस सरला की तीच माती ओढून आळं करा.

माड-पोफळीच्या सावलीत लावण्याचा मोह टाळा. वेल झाडावर चढतो सुरेख, पण त्याला निदान पाच-सहा तास ऊन लागतं. आंब्याच्या कलमावर तर चढूच देऊ नका. पानांचं छप्पर होऊन कलमाची पालवी दबते.

मांडव किती भक्कम हवा?

वाटतं त्याच्या दुप्पट. वेल सहज पंचवीस-तीस फूट पसरतो, आणि पावसात भिजलेली पानं व हिरवी जून फळं यांचं ओझं मोठं असतं. चिव्याच्या बारीक काठ्या भाजीपुरत्या चालतील. लूफा धरायचा तर जाड बांबू किंवा पोफळीचे वासे रोवा आणि वर तार किंवा जाड सुंभ ताणा. उंची डोक्याच्या वर ठेवा, म्हणजे फळं खाली सरळ लोंबतात. कुंपणावर आडवं टेकलेलं फळ वाकडं होतं, आणि जिथे टेकतं तिथेच आधी कुजतं.

पिवळीधमक फुलं रोज येतात आणि गळून जातात. फळ का धरत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘थांबा’ असं असतं. पहिले काही आठवडे वेलावर नुसती नर फुलं येतात, घोसाने. मादी फूल एकेकटं येतं आणि त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढं इवलंसं घोसाळं दिसतं. तसं फूल अजून दिसलंच नसेल तर वेलाचं काहीही बिघडलेलं नाही. दिवस लहान होऊ लागले की मादी फुलं वाढतात. श्रावणात रुसलेला वेल भाद्रपदात लदलेला दिसतो तो यामुळे.

वेल हिरवागार माजलाय आणि तरीही मादी फूल नाही, असं असेल तर खत जास्त झालं. ताजं शेण किंवा युरिया घालणं थांबवा आणि चार-पाच शेंडे खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात, मादी फुलं जास्त करून त्यांवर येतात.

मादी फुलं येऊन, मागचं इवलं घोसाळं पिवळं पडून गळतं, तर परागीभवन झालेलं नाही. झडीच्या पावसात मधमाश्या फिरकत नाहीत. मग ते काम आपण करायचं. नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. घोसाळ्याची फुलं पहाटे उमलतात, म्हणून हे सकाळी लवकर उरकायचं. शिराळ्याची फुलं दिवेलागणीला उघडतात, त्यामुळे तिथे सकाळी गेलात तर हाती मिटलेली फुलंच येतील. एकाच मांडवावर दोन्ही असतील तर दोन वेळा फेरी मारावी लागेल.

फळ धरतं, पण वाकडं होऊन एका बाजूने सडतं. आत अळ्या सापडतात.

फळमाशी. कोकणात घोसाळ्याचा हा पहिल्या क्रमांकाचा शत्रू. मादी कोवळ्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. भोकाच्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, मग अळ्या गर खातात आणि फळ गळून पडतं. अळ्या तिथून मातीत शिरतात, कोशात जातात आणि माश्या होऊन वर येतात. म्हणून गळलेलं फळ उकिरड्यावर टाकणं म्हणजे पुढची पिढी पोसणं. ती फळं रोज गोळा करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि दोन-तीन दिवस उन्हात टाका. ऊन नसेल तर बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. वेलाखालची माती अधूनमधून खुरपा, म्हणजे कोश उघडे पडतात आणि कोंबड्या ते वेचतात.

सापळा लावायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आंब्याच्या बागेत टांगतात त्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं. ते आंब्यावरच्या माशीला ओढतं, वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीला नाही. इथे क्यू-ल्यूरची वडी लागते. कृषी सेवा केंद्रात मागताना ‘वेलवर्गीय भाजीची’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर कोकणात सवयीने आंब्याचीच हातात पडते. हा सापळा फक्त नर पकडतो, त्यामुळे तो पहिली फुलं दिसायच्या आधीच टांगलेला बरा.

लूफ्यासाठी निवडलेल्या फळांना मात्र मी सापळ्याच्या भरवशावर ठेवणार नाही. फळ धरलं की दोन दिवसांत जुन्या पातळ धोतराची किंवा ओढणीची सैल पिशवी चढवून वर बांधा. साल टणक होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे ती राहू द्या. वर्तमानपत्राचा कागद पावसात टिकत नाही.

आणि बाकीच्या किडी?

रोप लहान असताना तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात. पानं ओली असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरा, आणि पाऊस धुऊन नेईल तेव्हा पुन्हा. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीत रोप फस्त करतात. बॅटरी घेऊन वेचणं हाच उपाय खात्रीचा आहे. मीठ टाकाल तर गोगलगायी मरतील, पण आळ्याची मातीही खारेल. पावसानंतर पानांवर पांढरी भुरी दिसली तर खालची जुनी पानं काढून हवा खेळती करा.

माकडांचं काय करायचं?

खरा उपाय कोणाकडेच नाही. कोवळी फळं आणि फुलं ती ओरबाडतात. घराला लागून, खळ्याच्या कडेला, माणसांच्या आणि कुत्र्याच्या वावरात मांडव घातला तर नुकसान कमी होतं, एवढंच.

घोसाळं कडू निघालं. मीठ लावून पिळून घेतलं तर चालेल का?

नाही. फेकून द्या. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो, आणि ती शिजवून किंवा मीठ लावून जात नाहीत. पोटात तीव्र दुखणं, उलट्या, जुलाब होऊ शकतात. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता, आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही कडू लागलेला रस पिऊ नका असं बजावलं. दुधी आणि घोसाळं एकाच कुळातले. चिरताना एक कच्ची चकती जिभेला लावून बघायची आपल्याकडची पद्धत त्यासाठीच आहे, ती सोडू नका.

पाण्याचा ताण बसला की कडूपणा वाढू शकतो. पण वेलावरचं प्रत्येक फळ कडू असेल तर दोष बियाचा. कुंपणाकडेला रानटी कडू दोडकी उगवते. तिचा पराग लागल्याने यंदाचं फळ कडू होत नाही, पण त्या फळातलं बी पुढच्या वर्षी कडू निघू शकतं. असा वेल खायला निरुपयोगी असला तरी मांडवावर ठेवायला हरकत नाही. त्याचा लूफा चांगला होतो. फक्त त्याचं बी कोणाला देऊ नका.

भाजीसाठी कधी तोडायचं? आणि भाजीचं पाणी पाणी का होतं?

फूल उमलल्यापासून साधारण आठवडाभरात, वीतभर लांब असताना. नख सहज रुतलं पाहिजे. पावसाळ्यात दोन दिवस विसरलात की आत दोरे धरतात, म्हणून वेलाखाली उभं राहून वर बघायची सवय ठेवा. हिरव्या पानांत हिरवं फळ लपतं.

पाणी सुटणं हा घोसाळ्याचा स्वभाव. भाजी शिजून निम्मी होते, त्यामुळे मीठ सुरुवातीला अंदाजाने घातलं तर खारट ठरलेलीच. मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, भिजवलेली चण्याची डाळ, वर घोसाळ्याच्या फोडी. झाकणावर पाणी ठेवा, पण भाजीत घालू नका. फोडी बसल्या की मीठ, चिमूटभर गूळ आणि ओलं खोबरं. मासे खाणाऱ्यांनी डाळीऐवजी भाजलेली सुकट घालावी. माझ्या मते घोसाळ्याचं खरं सोनं तिथे होतं. भजीच्या चकत्यांना आधी मीठ चोळून ठेवू नका, पीठ पातळ होतं आणि भजी तेल पिते.

शिराळ्याच्या शिरा टाकू नका. तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतून त्यांची चटणी होते. ऋषिपंचमीच्या भाजीलाही परसातलं शिराळं हवंच असतं.

लूफ्यासाठी कोणती फळं राखायची?

पहिली नकोत. सगळे पहिलं, मोठं, देखणं फळ राखतात आणि तिथेच चुकतं. जुलै-ऑगस्टमध्ये धरलेलं फळ जून होईपर्यंत पाऊस चालूच असतो. साल ओली, आत गर ओला, हवा दमट. फळ वाळायच्या ऐवजी आतून काळं पडतं. ती सगळी फळं खा, शेजारी वाटा, गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या फळं-फुलं टांगायच्या चौकटीला, टांगा.

गणपती गेल्यावर जी फळं धरतील त्यांतली राखा. फळ धरल्यापासून पूर्ण वाळायला दोन महिने किंवा थोडे जास्त लागतात. म्हणजे ती ऑक्टोबरच्या उन्हात भरतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात वाळतात. एका वेलावर सहा ते आठ सरळ, निरोगी फळं पुरेत. देठाला रंगीत चिंधी बांधा, नाहीतर घरातलं कोणीतरी भजीसाठी तोडणार. फळं भरली की नवी फुलं खुडत राहा, वेलाची ताकद राखलेल्या फळांत जाते. पाऊस थांबल्यावर आठवड्यातून दोनदा पाणी द्या, आणि फळं पिवळी पडू लागली की तेही बंद.

फळ तयार झालं हे कसं ओळखायचं, आणि सोलायचं कसं?

हिरवं फळ पिवळट, मग तपकिरी होतं. उचलून बघा, आकाराच्या मानाने अगदी हलकं लागतं. हलवलं की बिया खुळखुळतात. देठही वाळलेला असतो.

खालच्या टोकाला छोटंसं झाकण असतं, ते अंगठ्याने दाबलं की निघतं. फळ उलटं धरून झटका, बिया गळून पडतील. मग बादलीत पाण्यात भिजत घाला. पूर्ण वाळलेलं असेल तर तासाभरात, थोडं हिरवट असेल तर रात्रभर. साल मऊ होऊन पापुद्र्यांनी सुटते. जाळीत बुळबुळीत गर राहिला असेल तर पाणी बदलत, पिळत, फेस यायचा थांबेपर्यंत धुवा. हा गर राहिला तर पुढे वास येतो आणि बुरशीही त्यालाच लागते. शेवटी दोन दिवस कडक ऊन द्या.

पिवळट असतानाच काढलेल्या फळाची जाळी मऊ आणि पांढरी असते, ती चेहऱ्याला आणि लहान मुलांना बरी. वेलावर कडकडीत वाळलेल्याची राठ, ती टाचांना आणि भांड्यांना.

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला तर?

पिवळी पडलेली फळं देठासकट तोडून आणा आणि पडवीत वारा लागेल अशी, एकमेकांना न टेकता टांगा. चूल पेटती असेल तर तिच्या वरच्या माळ्यावर सगळ्यात छान वाळतात, थोडा धुराचा वास येतो तो धुतल्यावर जातो. अजून पूर्ण हिरवी असलेली फळं तोडू नका, ती घरात पिकत नाहीत, नुसती सडतात.

लूफ्यावर काळे डाग आहेत. ब्लीच करू का?

डाग सालीच्या आतल्या बाजूचे असतील तर ते दिसायला वाईट, वापरायला चालतात. ब्लीचने तंतू ठिसूळ होतात. लिंबू पिळलेल्या पाण्यात भिजवून उन्हात टाका, जेवढा उजळेल तेवढा पुरे. बुरशीचा वास येत असेल तर मात्र तो अंगाला नको.

एक लूफा किती दिवस वापरावा?

अंगासाठी तीन-चार आठवडे, मग त्याची बढती भांडी आणि नंतर मोरी घासायला. ओला लूफा न्हाणीघरात पडून राहिला तर त्यात जंतू वाढतात, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे काहीच नीट वाळत नाही. त्या दिवसांत लहान तुकडे करून वापरा, आलटून-पालटून, आणि आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात पाच मिनिटं घाला. कापलेल्या, पुरळ आलेल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर घासू नका. नॉनस्टिक भांड्यांवर राठ लूफा नको. ॲल्युमिनियम, पितळ आणि मातीची भांडी मात्र नारळाच्या सोडणाइतकीच साफ होतात, आणि त्याचा भुसा मोरीत अडकत नाही.

पुढच्या वर्षाचं बी कसं ठेवायचं?

लूफा झटकताना पडलेल्या काळ्या, भरलेल्या बिया घ्या. पांढरट, पोकळ फेका. धुऊन सावलीत वाळवा, कोरड्या राखेत मिसळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दमट हवेत कागदाच्या पुडीतलं बी टिकत नाही.

मुंबईत गच्चीवर जमेल का?

40-50 लिटरचा ड्रम किंवा ग्रो बॅग, भरपूर ऊन आणि कठड्याला नीट बांधलेली जाळी असेल तर जमेल. कुंडीत माती लवकर सुकते, पावसाळा सोडून रोज पाणी. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, म्हणून सकाळी हाताने परागीभवन करावं लागेल. एका वेलावर दोन-तीन लूफ्यांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. गावी मे महिन्यात येऊन गणपतीला पुन्हा येणाऱ्या चाकरमान्यांनी रोप मेमध्ये गावच्या मांडवाखाली लावून जावं, गणपतीला भाजी खावी, त्यानंतर धरणाऱ्या फळांना चिंध्या बांधायला गावात कोणाला तरी सांगून जावं आणि डिसेंबरच्या सुट्टीत लूफे घेऊन जावेत. मध्ये फळमाशीकडे बघायला गावात कोणी तरी हवं.

लूफे काढून झाल्यावर वेलाचं काय?

निरोगी असेल तर तुकडे करून माडाच्या आळ्यात पातेऱ्याबरोबर घाला. भुरी किंवा फळमाशी जोरात झाली असेल तर जाळा आणि राख ठेवून द्या, जूनमध्ये तांबड्या भुंगेऱ्यांवर भुरभुरायला लागेल. त्याच खड्ड्यात लगेच पुन्हा घोसाळं, काकडी किंवा पडवळ लावू नका. मधल्या काळात चवळी किंवा माठ घ्या.